तात्यारावांच्या बियांची हजेरी

तात्याराव निवृत्त झाले एकतीस जानेवारीला, आणि दोन फेब्रुवारीला त्यांनी घरामागच्या मोकळ्या जागेची मोजणी काढली. मधला एक दिवस सत्काराचे हार खुंटीला लावण्यात आणि झोपण्यात गेला.

जागा वीस फूट बाय पंधरा. एका कडेला मोरी, दुसऱ्या कडेला पाणी तापवायची चूल आणि मधून कपडे वाळत घालायची तार. बत्तीस वर्षं तहसीलीत दुसऱ्यांच्या जमिनीचे कागद सांभाळलेल्या माणसाला मानवतमध्ये स्वतःची म्हणावी अशी एवढीच जमीन होती. तिथं घरचा भाजीपाला पिकवायचा, असं त्यांनी मनावर घेतलं. सुलाबाईंना टेपचं टोक धरायला लावून त्यांनी नकाशा काढला, त्यात गट पाडले, गटांना नंबर दिले. तारेखालून सुलाबाईंना ये-जा करायला वहिवाटीचा रस्ताही सोडला.

सुलाबाईंनी नकाशा उलटा-सुलटा करून पाहिला.

"अवो, भेंडी भिंतीला टाकायलाय तुमी. तिथं दिवसभर सावली असती."

"सुला, नकाशा झालाय आता."

"मग भिंत हलवा."

तात्यारावांनी चष्मा काढून पुसला. "हे शास्त्रशुद्ध करायचंय. तू यात पडू नको."

सुलाबाई सोनपेठकडच्या. लग्न होईपर्यंत त्यांनी आईबरोबर दुसऱ्यांच्या मळ्यात वाफे केले होते, रोपं लावली होती, खुरपली होती. पण नवरा पहिल्यांदाच कचेरी सोडून कशात तरी रमत होता. त्यांनी नकाशा परत दिला.

दुसऱ्या दिवशी तात्याराव एसटीनं परभणीला जाऊन बियांची पाकिटं घेऊन आले. वांगी, टमाटे, मिरची आणि चौथ्या पाकिटावर हिरव्यागार गड्ड्याचं चित्र.

"ही फुलकोबी हिरवी कामून हाय?"

"ब्रोकोली आहे ती. हल्ली सगळे डॉक्टर खायला सांगतात."

"आता उन्हाळा लागंल. कोबीच्या जातीचं काय यायचं न्हाई."

"पाकिटावर तसं काही लिहिलेलं नाही."

सत्काराच्या चहाचे कागदी पेले उरले होते, चाळीस. त्यांत चाळलेली माती आणि शेणखत भरून तात्यारावांनी पट्टीनं मोजून प्रत्येक बी बरोब्बर दोन इंच खोल गाडलं. पेल्यांवर नावं लिहिली आणि चाळीस पेले ओट्यावर रांगेत मांडले.

"मिरचीचं बी केवढं, अन् त्याच्या उरावर माती केवढी!" सुलाबाईंना राहवेना.

"पाया खोल पाहिजे."

तिसऱ्या दिवसापासून तपासणी सुरू झाली. रोज सकाळी तात्याराव आगपेटीतली काडी घेऊन बसत, पेल्यातली माती हळूच उकरत, बी बाहेर काढून उजेडात धरून बघत आणि पुन्हा गाडत. मग नोंदवहीत प्रत्येक पेल्यासमोर शेरा मारत : गैरहजर. सातव्या दिवशी त्यांनी शेऱ्यापुढं लिहिलं : कारण? दहाव्या दिवशी शेजारच्या बायनाबाईंनी भिंतीवरून विचारलं, "भाऊजी, काय आलं का न्हाई?" तेव्हा ते म्हणाले, "प्रकरण प्रक्रियेत आहे." पण त्या दिवशी त्यांनी भाकरी अर्धीच खाल्ली.

इकडे सुलाबाईंनी मोरीमागं, फुटक्या घमेल्यात, भावाच्या घरून आणलेलं वांगी-टमाटे-मिरचीचं बी राखेत चोळून टाकलं होतं. वरून माती नुसती भुरभुरवली, ओलं गोणपाट झाकलं आणि मोड दिसताच ते उचललं. एका कोपऱ्यात भाजीपुरता मुळाही फेकला होता. बाराव्या दिवशी घमेलं हिरवं झालं होतं.

तेराव्या दिवशी सकाळी त्यांनी पाहिलं, तर तात्याराव पेल्यांसमोर उकिडवे बसलेले. हातात काडी होती, पण उकरत नव्हते. कचेरीत साहेबानं कितीही झापलं तरी हा माणूस घरी हसत येत असे. आज त्याचं तोंड बघवेना.

"दूध आणता का?" सुलाबाई म्हणाल्या. "अन् मग जरा फिरून या."

तात्यारावांची पाठ वळली तशा त्या घमेलं घेऊन ओट्यावर आल्या. बोटानं भोक, भोकात रोप, वर चिमटीनं माती. हात सवयीनं चालत होते. शेवटच्या दहा पेल्यांवर ब्रोकोली लिहिलं होतं, तिथं मात्र त्या अडल्या. घमेल्यात ब्रोकोली कुठली? मग त्यांना मुळ्याची रोपं दिसली. त्यांचीही दोन पानं कोबीसारखीच, बदामाच्या आकाराची. सगळं एकाच खानदानातलं. त्यांनी दहा मुळे लावून टाकले आणि हात धुऊन चहाचं आधण ठेवलं.

तात्यारावांची आरोळी पलीकडच्या गल्लीत ऐकू गेली.

"सुला! हजर! चाळीसच्या चाळीस हजर!"

"आँ? फिरून येईस्तवर दोन बोटं?" सुलाबाईंनी जमेल तेवढं नवल केलं.

"इतके दिवस आत जोर धरून होती. पाया खोल म्हणतो तो यासाठी!"

सुलाबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि पदर तोंडात कोंबून हसल्या.

गोष्ट तिथंच थांबती तर बरं होतं. पण बायनाबाईंनी रोपं पाहिली, त्यांनी महिला बचत गटाच्या रेणुकाला सांगितलं आणि येत्या रविवारी तात्यारावांचं विहारासमोरच्या मंडपात व्याख्यान ठरलं. बावीस बायका जमल्या. पुढ्यात चाळीस पेले मांडून तात्याराव तासभर बोलले. दोन इंच आणि रोज तपासणी, हा त्यांचा सारांश.

"पण काडीनं उकरल्यावर मोड मोडत न्हाई का?" बायनाबाईंनी विचारलं. त्यांचं अर्धं आयुष्य शेतात गेलेलं.

"बियाला शिस्त लागते," तात्याराव म्हणाले.

पाठीमागं बसलेल्या सुलाबाईंना जोराचा ठसका लागला.

पंधरा दिवसांनी बायका दारात आल्या. सात-आठजणी, प्रत्येकीच्या हातात पेला, पेल्यात नुसती माती.

"भाऊजी, गैरहजर!" बायनाबाईंनी पेला त्यांच्यापुढं धरला.

"रोज तपासलं नसेल तुम्ही."

"दिवसातून दोनदा तपासलं, काका," रेणुका म्हणाली. "माझ्या सासूबाईंनी तर तिसऱ्यांदाबी तपासलं."

तात्यारावांनी पेल्यांत बोट घालून पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि निकाल दिला : बियाणं बोगस. बियाणं विकणाऱ्यावर तक्रार झाली पाहिजे. ते आत गेले, कोरा कागद घेऊन आले आणि उभ्याउभ्या झरझर मजकूर लिहिला. अर्ज लिहिताना तात्यारावांचा चेहरा पुन्हा नोकरीत असल्यासारखा उजळला होता. "घ्या, सह्या करा एकेकजण."

रेणुकानं पेन हातात घेतलं, आणि सुलाबाई पुढं आल्या. नवऱ्याचं मन राखणं वेगळं, पण त्यापायी कुठल्या दुकानदाराच्या पोटावर पाय?

"थांब गं, सही करू नको," त्या म्हणाल्या. "बी चांगलं व्हतं. ते गाडलं खोल, अन् वर रोज उकरलं. कसं उगवंल?"

"मग आपलं कसं उगवलं?" तात्यारावांनी विचारलं.

"न्हाई उगवलं. ती रोपं माझ्या घमेल्यातली हायत. तुमी दुधाला गेलता तवा लावली."

तात्यारावांनी ओट्याकडे पाहिलं.

"सगळी?"

"चाळीसच्या चाळीस."

मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "ब्रोकोली?"

"मुळा हाय त्यो."

आधी बायनाबाई हसल्या. हसता हसता त्या पायरीवर बसल्या, आणि मग कुणालाच आवरेना. तात्यारावांनी अर्जाची चौकोनी घडी केली, खिशात ठेवली आणि आत निघून गेले.

दोन दिवस ते सुलाबाईंशी बोलले नाहीत. मीठ हवं असलं तर भिंतीकडे बघून म्हणायचे, "मीठ कमी आहे." तिसऱ्या दिवशी सुलाबाई घमेल्यात नवं बी टाकत होत्या, तेव्हा ते येऊन शेजारी बसले. मांडीवर नोंदवही होती.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं व्हतं. तुमी मनला, यात पडू नको."

तात्यारावांनी मान हलवली. पेनाचं टोपण उघडलं. "बरं. पाणी किती घालायचं?"

"लागंल तेवढं."

"किती लागेल ते कसं कळणार?"

सुलाबाईंनी त्यांचा हात धरला आणि त्यांचं बोट मातीत खुपसलं. "गार लागलं?"

"लागलं."

"मग आज न्हाई घालायचं."

त्यांनी बोट लगेच काढलं नाही. मग तसंच मातीचं बोट घेऊन लिहायला गेले, तो पानावर मोठा डाग पडला. नवीन पान घ्यावं का, असा विचार करून त्यांनी वहीच मिटली आणि बाह्या वर सारल्या. "सरक जरा," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी बचत गटापुढं सुलाबाई बोलल्या. बोलल्या म्हणजे खाली बसल्या आणि करून दाखवलं, दहा मिनिटांत संपलं. घमेलं मंडपापर्यंत तात्यारावांनी डोक्यावर वाहून नेलं. "आमच्या घरचे वक्ते आलेत," असं सुलाबाईंकडे हात करून त्यांनी वाटेत दोघातिघांना सांगितलंही.

बुद्धपौर्णिमेला वाफ्यातली पहिली वांगी निघाली. खिरीबरोबर सुलाबाईंनी भरली वांगी केली आणि एक वाटी बायनाबाईंकडे पाठवायला काढली. तात्याराव म्हणाले, मीच जातो. थोड्याच वेळात भिंतीपलीकडून त्यांचा आवाज यायला लागला. ते बायनाबाईंच्या नवऱ्याला, ज्यानं चाळीस वर्षं वांगीच पिकवली होती, वांगं कसं पिकवायचं ते समजावून सांगत होते. सुलाबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग आपलं ताट वाढून घेतलं.