बटनांच्या फोनातले मुंजाबा

औरंगपुऱ्यातल्या एका गल्लीत केशवरावांचं फोटोचं दुकान आहे. वारलेल्या माणसाचा फोटो तिथं दिला की तो असा उजळून मिळतो, की हार घालताना घरच्यांनाच क्षणभर परकं वाटावं. पासष्टीचे हे गृहस्थ मोठे हट्टी. फोटो म्हणजे चेहरा, असं त्यांचं ठाम मत. झाडं, भिंती, हातपाय ही सगळी त्यांच्या लेखी अडगळ, आणि अडगळ दिसली की त्यांची बोटं शिवशिवतात.

दिवाळी होऊन चार दिवस झाले होते. दुपारी बाराच्या सुमाराला पाचोडकडची बानाबाई दुकानाची पायरी चढली. हातात रबर गुंडाळलेला बटनांचा फोन. तिचा नवरा मुंजाबा चैत्रात गेला होता. दोघांचा जन्म मेंढरांमागं गेलेला. आता कळप तिनंच न्यायचा, सोबतीला पुतण्या बिभीषण. उद्या पहाटे मेंढरं निघणार होती, ती पावसाळ्याच्या तोंडावर परतणार.

"आमच्या ह्यांचा फोटू हाये," ती म्हणाली. "बिभीषणानं त्याच्या मोठ्या फोनात काढलेला. ह्या कार्डात टाकून दिला, पर माझ्या फोनात उघडत नाय. त्याचा फोन रानात दोन दिसांत मरतो. माझा आठ दिस जातो. ह्यात बसवून द्या."

"दुसरा एखादा नाही?"

"आधार कार्डावरचा हाये. त्यात चोरावानी दिसत्यात."

केशवरावांनी फोनातलं मेमरी कार्ड कॉम्प्युटरला लावलं आणि अडचण त्यांच्या लगेच ध्यानात आली. "मावशी, नव्या फोनात फोटो वेगळ्या पद्धतीनं साठवतात. तुमच्या फोनला ती पद्धत ठाऊकच नाही. शिवाय फोटो चादरीएवढा, अन् पडदा काडेपेटीएवढा. बदलून, लहान करून देतो. तासाभरानं या."

बानाबाई गुलमंडीच्या बाजारात मेंढ्याच्या गळ्यातली घुंगरं घ्यायला गेली, आणि केशवराव कामाला लागले.

उभ्या फोटोत बाजरी काढलेलं वावर होतं, त्यात मेंढरंच मेंढरं, आणि पार मागं काठीला टेकलेला एक माणूस. केशवरावांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी मेंढरं कापली, काठी कापली, खांद्यावरची घोंगडी कापली. पटक्याच्या सावलीतला चेहरा मोठा करून नीट उजळला. जिथं काही दिसत नव्हतं तिथं कॉम्प्युटरकडून भरून घेतलं. मागं निळा पडदा लावला. मग सगळं त्या छोट्या पडद्याच्या मापात बसवून, जुन्या फोनला उघडेल अशी फाईल करून कार्डात टाकलं. काम फक्कड झालं होतं. ते स्वतःवर बेहद्द खूश होते.

बानाबाई परत आली. तिनं फोन जवळ धरला, लांब धरला, पुन्हा जवळ धरला.

"हे कोण हायेत?"

केशवरावांना ते झोंबलं. "अहो, तुमचेच मालक! तुमच्याच फोटोतून काढलेत. बघा, चेहरा किती स्वच्छ आलाय."

"असतील," ती हळूच म्हणाली. "पर मला ह्यात घावंनात." तिनं फोन त्यांच्यापुढं धरला. "साहेब, पहिला फोटू मोडला का काय तुम्ही?"

"नाही, तो आहे तसा आहे. पण तुम्ही नवऱ्याला ओळखत नाही म्हणजे काय?"

"चाळीस वर्सं मी म्होरं अन् हे मागं. मधी दीडशे मेंढरं. घरी सासू-सासऱ्यांम्होरं मान वर करून बघायची सोय नव्हती. रानात बघायची, ते वळून, लांबूनच. एक पाय दुमडायचा, काठीवर भार द्यायचा, मान जराशी डावीकडं. अर्ध्या कोसावरून वळखू यायचे. नाक कसं होतं ते इचारू नगा, मला सांगता यायचं नाय."

केशवराव कॉम्प्युटरकडं वळले. त्यांनी मूळ फोटो पुन्हा उघडला. दुमडलेला पाय होता, कललेली मान होती. आणि बिभीषण कळपाच्या पुढं उभा राहिला होता, म्हणजे बानाबाई जिथून वळून बघायची, नेमका तिथून फोटो काढलेला होता. जे जे तिला हवं होतं, ते ते आपण कापून फेकलं, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

"अख्खाच लहान करून देतो," ते म्हणाले. "पण मालक तांदळाच्या दाण्याएवढे दिसतील."

"दिसू द्या. लांब असले म्हंजे तेवढेच दिसायचे."

या खेपेला त्यांनी काहीच उजळलं नाही. मात्र फोटो फोनच्या पडद्यावर लावला, तर घड्याळाचे मोठाले आकडे नेमके मुंजाबावर आले.

"गेले कुठं?" बानाबाई घाबरली.

"थांबा, थांबा. आकड्यांखाली आणतो त्यांना." केशवरावांनी वरचं आभाळ वाढवलं, तेवढीच खालची मोकळी जमीन कमी केली आणि फाईल पुन्हा केली. एकही मेंढरू कापलं जाऊ दिलं नाही. पडदा उजळला. त्यांना चष्म्यातूनही फक्त एक काळा ठिपका दिसला.

बानाबाईनं फोन हातभर लांब धरला आणि हसली. हसता हसताच पदर डोळ्यांना लावला.

"उभे हायेत," ती म्हणाली. "घड्याळाखाली उभं केलं व्हय! त्यांना कवा येळ कळली नाय."

"आता बरोबर ना?"

"व्हय. मान सरावलेली हाये, साहेब. उद्या चालताना वळणारच. मागं हे नसले तर काय करायचं, ह्याचाच लई घोर लागला होता."

ती गेल्यावर केशवरावांनी निळ्या पडद्यापुढचा तो गोरा चेहरा कॉम्प्युटरमधून पुसून टाकला आणि ते दारात येऊन उभे राहिले. स्कूटरींच्या गर्दीतून बानाबाई झपाझप चालली होती. गल्लीच्या तोंडाशी ती थांबली आणि सवयीनं मागं वळली. मागं नुसती गर्दी होती. मग तिनं पिशवीतून फोन काढला, हातभर लांब धरून पाहिला, आणि पुढं चालू लागली.