उजव्या चाकाचं हब

"सही करा, मकसूदभाई. गाडी उचलायची काहीएक गरज नाही." बिल्डरच्या कचेरीतल्या अनंतरावांनी टाईप केलेला कागद जीपच्या बॉनेटवर ठेवला. "ड्रायव्हर आळशी होता, हे सांगायला जॅक कशाला हवा?"

मकसूदने कागद वाचला. पुढच्या दोन्ही चाकांचे हब उत्तम स्थितीत. चालकाने ते लॉक न करताच गाडी चढावर घातली. खाली नाव तयार होतं, मकसूद गुलजार शेख, मेकॅनिक. म्हणजे त्याचं मत नारायण पेठेतल्या कचेरीत बसून कुणीतरी आधीच टाईप केलं होतं. तीस वर्षं येरवड्यात जीपगाड्यांखाली पाठ सोलून घेतली ती यासाठी?

"मी लॉक केलं व्हतं," दारापाशी उभा असलेला सर्जेराव म्हणाला. "चिखलात उतरून केलं व्हतं. दोन्ही."

"हो ना," अनंतराव म्हणाले. "आणि जीपने ऐकलं नाही. आपण जीपलाच नोटीस काढू."

खरं सांगायचं तर मकसूदचाही सर्जेरावावर विश्वास नव्हता. पुढच्या चाकांच्या मधोमध बशीएवढं लोखंडी हब असतं. खाली उतरून त्यावरचं बटण हाताने 'लॉक'वर फिरवलं की चाक आतल्या शाफ्टला जोडलं जातं, आणि मग चारही चाकं गाडी ओढतात. पण उतरायला ड्रायव्हर लोकांच्या जिवावर येतं. मुळशीकडच्या त्या चढावर बिल्डरची ही जीप मागे घसरली आणि मागे दगड लावायला उभा असलेला भैरू चाकाखाली आला. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. भैरू म्हणजे सर्जेरावाचा सख्खा मेहुणा. गॅरेजात आला की मकसूदच्या मडक्यातलं पाणी पिऊन वर मडक्यालाच नावं ठेवणारा. दीड महिना झाला, मकसूद सर्जेरावाला शिव्या घालत होता.

पण टाईप केलेल्या नावाचा राग त्याहून मोठा निघाला.

"नाव माझं घातलंय ना? मग बघणार पण मीच."

त्याने डावं चाक जॅकवर उचललं, बटण लॉकवर फिरवलं आणि चाकाला हिसका दिला. चाकामागचा शाफ्ट चाकाबरोबर फिरला. ठीक. मग उजवं उचललं. बटण लॉकवर. चाक फिरलं. शाफ्ट जागचा हलला नाही.

मकसूदने पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच. चाक गरगर, शाफ्ट मढ्यासारखा पडून.

"एक तर चालतंय ना?" अनंतराव म्हणाले. "मग निम्म्या ताकदीने तरी चढायला हवी होती."

"निम्मं-बिम्मं काही नसतं, साहेब. एक बाजू सुटी राहिली की सगळा जोर त्याच बाजूने वाया जातो. एक हब लागलं नाही की पुढची दोन्ही चाकं मेली म्हणून समजा. हा खरं बोलत होता."

सर्जेराव भिंतीला टेकून खाली बसला आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

मकसूदला आता चेव आला. "कुठल्या गाढवाने हात लावलाय याला? दाखवतो तुम्हाला." त्याने पाना घेऊन बोल्ट काढले, झाकण उपसलं. आत पिवळं ग्रीस ठासून भरलेलं होतं. पुरणासारखं घट्ट. बटण फिरत होतं, पण चाक शाफ्टला जोडणारी आतली कडी त्या ग्रीसमध्ये रुतून बसली होती.

"कोण हा हलकट, एवढं ग्रीस..." म्हणता म्हणता तो थांबला.

वैशाखात या जीपचं काम त्यानेच केलं होतं. त्यानंतर गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नव्हता.

अब्बांनी शिकवलं होतं, ग्रीस भरताना हात आखडता घ्यायचा नाही, बाहेर येईपर्यंत भरायचं. चाकाच्या बेअरिंगला ते बरोबरच होतं. ही हबं नंतर आली. खोक्यात इंग्रजी पुस्तिका होती, ती त्याने वाचता येत नाही म्हणून फेकून दिली. हबला ग्रीसचा नुसता हात पुरतो, हे कुणाला विचारलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं. पण विचारायचं कसं? मकसूद मिस्त्रीने? वैशाखाच्या उन्हात ग्रीस पातळ होतं, हब खटकन लागलं होतं, मालक खूश झाला होता. आषाढातल्या गारठ्यात ते थिजलं.

अनंतरावांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग ग्रीसकडे. हुशार माणूस. आवाज खाली आणून म्हणाले, "झाकण लावा. मी काही पाहिलेलं नाही. तुमचं गॅरेज तुम्हाला चालवायचंय ना?"

"काय झालं?" सर्जेराव उठला. "काय घावलं?"

मकसूदला स्वतःच्या हातांची किळस आली. झाकण लावायला फार तर तीन मिनिटं लागली असती.

"ग्रीस जास्त झालं. म्हणून हब लागलं नाही. मी भरलं होतं, सर्जेराव. मीच."

सर्जेरावाने त्याची गचांडी धरली. "दीड महिना! माझी बायकू माझ्या हातचं पानी घेत न्हाय! भावाचा पाय खाल्ला म्हनती! मलाच वाटाया लागलं व्हतं, मी बटन फिरवलंच न्हाय म्हून... आन् तू मला गेल्या आठवड्यात काय म्हनलास? उतराया लाज वाटली का म्हनलास!"

"म्हणालो," मकसूद म्हणाला. त्याने गचांडी सोडवून घेतली नाही.

शेवटी सर्जेरावानेच हात काढला. मकसूदने टाईप केलेला कागद उलटा केला आणि वेड्यावाकड्या अक्षरांत मागे लिहिलं: चालकाने हब लॉक केले होते. उजवे हब माझ्या चुकीमुळे लागले नाही. सही केली आणि कागद अनंतरावांना न देता सर्जेरावाच्या हातात दिला.

"हे शौर्य महागात पडेल," अनंतराव म्हणाले. "उद्यापासून आमची एकही गाडी इथे येणार नाही."

"नका पाठवू. ही पण घेऊन जा. ग्रीस काढून झाकण बसवून देतो."

अनंतराव गेले. सर्जेरावाने कागद दोनदा वाचला, घडी करून आतल्या खिशात घातला. चहाला नको म्हणाला. पायरी उतरताना मात्र थांबला.

"आजून किती गाड्यांत भरून ठिवलंय आसं?"

मकसूदने डोळे मिटून आठवलं. "सहा."

"मग माझ्या तोंडाकडं काय बघत बसलायस?"

तासाभराने मकसूद विश्रांतवाडीत डॉक्टर सुहासिनीबाईंच्या अंगणात उभा होता, खांद्यावर जॅक आणि हातात पाना घेऊन. बाई आठवड्यातून दोनदा डोंगरातल्या वाड्यांवर औषधं घेऊन जात, त्यांची जीप पेरूच्या झाडाखाली होती.

"अहो मकसूदभाई, बोलावलं नव्हतं मी!" बाई हसल्या. "तुमच्या हाताखालून गेलेल्या गाडीला काय धाड भरलीये?"

"बघावं लागेल, बाई."

"बघा बापडे. चहा टाकते."

त्या बाहेर आल्या तेव्हा चाकापाशी गुडघे टेकून बसलेला मकसूद बोटाने पिवळं ग्रीस खरवडत होता आणि एकेक गोळा समोरच्या स्वच्छ फरशीवर, बाईंना दिसेल असा, मांडत होता.