साहेबांची दुपारची झोप

प्राणिसंग्रहालयाच्या फाटकातून आत शिरलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "सिंह कुठे आहे?" सिंहापाशी पोचला की दुसरा, "मेलाय का हो?" दिवसभर हेच ऐकते मी. सुरुवातीला गोड बोलायचे. आता म्हणते, "जेवून लवंडलाय. तुम्ही नाही का लवंडत?"

सिंहाचं खाणंपिणं, झाडलोट, दुखलंखुपलं सगळं माझ्याकडे. आम्ही त्याला साहेब म्हणतो, कारण तो स्वतः काही करत नाही आणि त्याच्यापायी बाकीचे पळत असतात. दिसायला राजबिंडा, वाद नाही. पण लोकांना नुसतं देखणेपण पुरत नाही हो. तिकडे हत्ती सोंडेनं फवारा मारतो, पोरं भिजतात, आया ओरडतात, सगळे खूश. जिराफ मान खाली घालून पोरांच्या हातातला पाला खातो. पाणघोडा तर नुसता जबडा उघडतो, त्यालाही टाळ्या. आणि आमचे साहेब चारी पाय वर करून, पोट उघडं टाकून झाडाखाली पसरलेले. मलाच मेलीला लाज वाटते.

साहेब उठतात ते एकाच गोष्टीला. संध्याकाळी मी घमेल्यावर सळई आपटते, ठण ठण ठण. ते ऐकलं की जिथे असतील तिथून उठून, आयाळ झटकून, एखादी डरकाळी फोडून थेट आतल्या खोलीत येतात. तिथे मी घमेल्यातलं मांस गजांमधून आत सारते. मग दार ओढायचं, कुलूप घालायचं आणि आपण घरी जायला मोकळे. यात नियम एकच. घमेलं वाजलं की मांस मिळालंच पाहिजे.

माझ्या आधी एक हौशी गृहस्थ होता इथे. पाहुण्यांना गंमत दाखवायला त्यानं भर दुपारी रिकामं घमेलं वाजवलं. साहेब आले, हुंगलं, परत गेले. त्यानंतर कितीतरी दिवस संध्याकाळी आत यायला तयारच होईनात. बडवून बडवून घमेल्याला पोचे आले, आणि सिंह रात्री उघड्या आवारात म्हणून सगळ्यांना जागून पहारे द्यावे लागले. त्या गृहस्थाला पुढे पोपटांकडे पाठवलं.

हे सगळं माझ्या नातीला तोंडपाठ आहे. जेवताना मी दुसरं बोलते काय! नातीला आम्ही भिंगरी म्हणतो, एका जागी दोन घटका बसत नाही म्हणून. पण त्या दिवशी शाळेतून आली ती गाल फुगवून कोपऱ्यात बसली.

"आमच्या वर्गाची सहल तुझ्याकडे येणार आहे," ती म्हणाली. "तर ती दोन वेण्यावाली म्हणते, सिंह काय बघायचा, तो नुसता झोपतो. मी म्हटलं, माझी आजी उठवते त्याला. सगळे हसले. मला थापाडी म्हणाले."

झालं! माझं डोकंच फिरलं. माझ्या साहेबांना नावं ठेवायची आणि वर माझ्या नातीला थापाडी म्हणायचं?

"येऊ दे तुझ्या वर्गाला," मी म्हटलं. "सगळ्यांदेखत उठवून दाखवते. डरकाळीसकट! माझा शब्द."

"आई, कशाला उगाच कबूल करतेस?" माझा मुलगा जेवता जेवता म्हणाला. मी त्याला गुपचूप जेव म्हटलं.

बोलण्याच्या भरात बोलले खरी, पण मी काही वेडी नाही. दुसऱ्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना गाठलं. संध्याकाळच्या मांसातला एक तुकडा त्या दुपारी दिला तर चालेल का? चालेल म्हणाले. जनावरांचं खाणं सांभाळणाऱ्या कोठीवाल्याला बजावून ठेवलं. साहेबांना मांस, नातीला डरकाळी, दोन्हीकडे माझी पत कायम. स्वतःवरच खूश होते मी.

सहलीच्या दिवशी सकाळपासून वॉकीटॉकी कानाला. आधी हत्तीवाला बोलला. "सिंहवाली, तुझी नात इथे उभी राहून सगळ्यांना सांगतेय, हे काहीच नाही, पुढे बघा. माझ्या हत्तीचं तोंड उतरलंय." मग जिराफवालीनं तीच तक्रार केली. पाणघोड्यानं तर म्हणे घशापर्यंत जबडा उघडून दाखवला, आणि आमची पोरगी म्हणाली, "ठीक आहे."

मी हसत होते, तेवढ्यात कोठीवाल्याचा आवाज आला. "आजी, मांसाची गाडी वाटेत बंद पडलीय. आता संध्याकाळीच येईल."

"अरे मेल्या, एखादा तुकडा तरी असेल कालचा!"

"हाडूकसुद्धा नाही. गाजरं आहेत, देऊ?"

"गाजरं तू खा!"

तोवर वर्ग येऊन कठड्याला चिकटलाही. पुढे बाई, मागे रांग, आणि सगळ्यांच्या आधी पळत आलेली भिंगरी, चेहऱ्यावर असा तोरा की जणू सिंह हिनंच पाळलाय. साहेब झाडाखाली उताणे. एक पाय झोपेत हलत होता.

"हा तर झोपलाय," दोन वेण्यावाली म्हणाली.

"थांब गं जरा. आजी, वाजव ना!"

घमेलं माझ्या हातात होतं. मनात म्हटलं, एकदाच तर! साहेब काही उद्या शाळेत जाणार नाहीत, त्यांना कोणी थापाडी म्हणणार नाही. या पोरीला मात्र वर्षभर त्याच बाकावर बसायचंय. रुसले साहेब तर रुसले, देईन मी पहारे. पोपटांकडे पाठवतील, पाठवू देत. मी सळई उचलली.

भिंगरीनं टाचा उंचावून घमेल्यात डोकावलं. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "आजी, हे रिकामं आहे."

"गाडी आली नाही गं. पण तू काळजी करू नको. मी वाजवते, तुला शब्द दिलाय ना."

तिनं साहेबांकडे पाहिलं, वर्गाकडे पाहिलं. मग माझ्या हातातली सळई दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"नको," ती म्हणाली. आणि वर्गाकडे वळून मोठ्यानं, "सिंह उठत नाही. मी थाप मारली होती."

काय तो हशा उठला! कोणी थापाडी म्हणालं, कोणी सिंहासारखं घोरून दाखवलं. पोरगी कानापर्यंत लाल झाली, पण सळई सोडेना. मला भरून आलं. मग मी अशी ओरडले की बाई दचकल्या.

"गप्प बसा सगळे! थाप तिनं नाही मारली. मी मारली. मांस नसताना कबूल करून बसले." मग घमेलं, गाडी, पहारे, पोपट, सगळं सांगितलं. पोरं हळूहळू गप्प झाली.

दोन वेण्यावालीनं बराच विचार केला. "म्हणजे तुम्ही आत्ता वाजवलं असतं तर तो उठला असता?"

"उठला असता."

"आणि ही जिंकली असती?"

"जिंकली असती."

तिनं भिंगरीकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तरीपण जिराफच छान होता," ती म्हणाली आणि रांगेत जाऊन उभी राहिली. वर्ग माकडांकडे निघून गेला. भिंगरीनं मागे वळून पाहिलं नाही. ती गेली तसं मला फार वाईट वाटलं. साहेबांनी कूस बदलली.

घरी जेवताना भिंगरी ताटाशी बसली खरी, पण बोलेना. मी उगाच तिला भात वाढत राहिले.

"आला का संध्याकाळी आत?" शेवटी तिनंच विचारलं.

"आला. पहिल्याच ठणला."

"डरकाळी फोडली?"

"फोडली."

तिनं मान डोलावली आणि दोन-चार घास खाल्ले. मग अगदी मोठ्या माणसासारखं म्हणाली, "आजी, यापुढे मला काही कबूल करशील ना, तर आधी साहेबांना विचारत जा."

मला कोण आनंद झाला, पोरगी बोलली म्हणून! मी लगेच म्हटलं, "कबूल!"

"आजी!" ती ओरडली. "विचारलंस का साहेबांना?"