रखमाजीची हाक

अवसरी बुद्रुकच्या भरतला देवाने गळा दिला होता, पण त्या गळ्याला गिऱ्हाईक द्यायचं देवाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. तीन वर्षांत त्याने काय काय करून पाहिलं नाही! ऑर्केस्ट्रात दुसऱ्यांची गाणी म्हटली, सरपंचाच्या वाढदिवसाला सरपंचाचं नाव घालून गाणं केलं, मोबाइलवरून पोरांना पेटी शिकवली. स्वतःची सात गाणी यूट्यूबवर टाकली आणि बहुतेक वेळा ती स्वतःच ऐकली. बायको आरती मंचरला कापडाच्या दुकानात कामाला जायची. तिने कधी टोमणा मारला नाही आणि भरतला नेमकं तेच टोचायचं. "ह्या यात्रांपर्यंत बघू," एवढंच ती म्हणाली होती. "नायतर माझा दादा म्हणतोय तसं रांजणगावला कंपनीत लागा."

मग भरतला बैल सापडले. जुन्नर-आंबेगावात माणूस एक वेळ लग्नाचा फोटो अडगळीत टाकेल, पण शर्यतीच्या बैलाचा फोटो गाडीच्या काचेवर लावणार म्हणजे लावणार. एवढा थाट आहे तर बैलाला स्वतःचं गाणं का नसावं? बैलाचं नाव, मालकाचं नाव, गाव, सगळं गुंफून गाणं करून द्यायचं, असं त्याने ठरवलं.

पहिलं गाणं खोडदच्या रखमाजीबाबांच्या हरण्याचं. सत्तरी ओलांडलेला म्हातारा, दोन्ही पोरं पुण्यात, घरात तो, बायको बयाबाई आणि हरण्या. खोडदच्या त्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या ॲन्टेनांच्या पलीकडच्या बांधावर बैल चरत होता. रखमाजीबाबांनी पेंडीचं घमेलं खाली ठेवलं आणि हाक मारली, "हरण्याऽ... ये रं बाळा, ये!" बैल मान वर करून जो निघाला तो थेट घमेल्यात तोंड घालूनच थांबला. भरतने ती हाक तिथल्या तिथे रेकॉर्ड केली आणि गाण्याच्या सुरुवातीला लावली. त्यापुढे त्याचा आवाज यायचा, "रखमाजीचा हरण्या सुटला गं, घाट धुरळ्यात बुडला गं!"

म्हाताऱ्याने गाण्याचीच रिंगटोन करून घेतली. फोन वाजला की गोठ्यात हरण्या कान टवकारून उभा राहायचा. "फोन ह्यांचा, आन् उचलाया निघतंय त्ये!" म्हणून बयाबाई पोट धरून हसायची.

"पोरांना बैलाचं येड न्हाई," रखमाजीबाबा भरतला म्हणाले होते. "उद्या मी नसंल, ह्यो बी नसंल. गाण्यात तरी आमी दोघं एका जागी ऱ्हाऊ."

"राहाल बाबा. माझा शब्द," भरत म्हणाला होता. शब्द द्यायला काय लागतं!

त्या गाण्यावर आणखी चार गाणी मिळाली. भरतला वाटलं, लागलो बुवा एकदाचे मार्गाला. तेवढ्यात रखमाजीबाबांच्या गुडघ्याने दगा दिला. शर्यतीच्या बैलाची उसाभर एका पायावर होत नाही. त्यांनी हरण्याला प्लॉटिंगवाल्या पिंटूशेठला विकलं, आणि आठवड्याभरात पिंटूशेठचा भरतला फोन आला.

"बैल घेतला म्हंजी गाणं बी आलंच की राव! नाव तेवढं बदल. हे झ्याक जमलं तर माझ्या बाकीच्या पाच बैलांची गाणी तुझीच."

भरतने संध्याकाळपर्यंत तळमळून घेतलं. मग यात्रा आठवल्या, रांजणगाव आठवलं आणि तो माइकसमोर बसला. 'रखमाजीचा' काढून 'पिंटूशेठचा' म्हणून पाहिलं, तर ते मेलं चालीत असं चपखल बसलं की त्याची त्यालाच लाज वाटली. हाकेला मात्र त्याने हात लावला नाही. सगळ्या गाण्यात जीव होता तो तिच्यातच. शिवाय हाकेत मालकाचं नाव कुठे होतं? अशी आपली त्याने मनाची समजूत घातली.

यात्रेच्या दिवशी घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या चढणीच्या, दोन्ही अंगांना माणूस माईना. एरवी गाणं वाजायचं ते गाडा जुंपेपर्यंत. पण पिंटूशेठला व्हिडिओ हवा होता. गाडा सुटला की त्याच क्षणी गाणं सुटलं पाहिजे, असं त्याने भोंगेवाल्याला बजावलं होतं. भरतने ते ऐकलं होतं, आणि त्याच्या टाळक्यात काही म्हणजे काही शिरलं नव्हतं.

चार बैलांचा गाडा सुटला. अर्ध्या घाटात खांबावर भोंगा बांधलेला होता. त्यातून आवाज आला, "हरण्याऽ... ये रं बाळा, ये!"

हरण्याने धावता धावता मान वळवली. तो खांबाकडे ओढ घ्यायला लागला, बाकीचे तीन बैल अडखळले, गाडा तिरका झाला आणि थांबला. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. हरण्या खांबाशी उभा राहून बुंध्यापाशी नाक लावून हुंगत होता. वर भरतचा आवाज पिंटूशेठचं नाव गात होता, आणि खाली बैल घमेलं शोधत होता.

"आरं, भूक लागली बैलाला!" कुणीतरी ओरडलं आणि सगळा घाट हसला.

गर्दीतून रखमाजीबाबा दोरीखालून वाकून आत आले, लंगडत लंगडत चढायला लागले. ते पोहोचायच्या आत पिंटूशेठच्या माणसांनी हरण्याला ओढत नेलं. तो मागे वळून बघत होता.

पिंटूशेठने भरतला चारचौघांत नको नको ते सुनावलं. भरतने ते ऐकून घेतलं. त्याला भीती दुसऱ्याच माणसाची होती. रखमाजीबाबा त्याच खांबापाशी बसले होते.

"बाबा, चुकलो," भरत म्हणाला.

"गाण्यातनं माजं नाव काढलंस, त्याचं कायबी न्हाई. बैल त्याचा, नाव बी त्याचं." म्हातारा त्याच्याकडे बघतही नव्हता. "पर हाक म्या कुणाला इकली नव्हती, भरत. म्या हाक मारली आन् त्याला पेंड मिळाली न्हाई, आसं आजवर कदी झालं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ दोन्ही तालुक्यांत ज्याच्या त्याच्या मोबाइलवर होता. आणि दैवाची थट्टा बघा, तीन वर्षं क्वचितच वाजलेला भरतचा फोन बंद होईना. सगळ्यांना आपापल्या बैलाचं गाणं हवं होतं. एका गाडामालकाने तर लिहिलं होतं, 'पुढच्या घाटात पिंटूशेठचा गाडा सुटला की वाजवायचीय. ती हाक तेवढी पाठव, म्हणशील ते देतो.'

आरतीने तो मेसेज वाचला. "काय करणार?"

भरत उठला. त्याने कॉम्प्युटर उघडला आणि हाक पुसली. मग हरण्याची दोन्ही गाणी पुसली, यूट्यूबवरचं सुद्धा. "रांजणगावला कधी जायचं, दादाला विचार," तो म्हणाला. आरतीने मान हलवली, पण तिचे डोळे भरून आले होते.

हाक आता आपल्याकडून कुणाच्या हाती लागणार नाही, हे रखमाजीबाबांना सांगावं म्हणून त्याने खोडदला फोन लावला. बराच वेळ कुणी उचलेना. तिकडे काय वाजत असेल, हे त्याच्या ध्यानात आलं. तो फोन ठेवणार एवढ्यात बयाबाईने उचलला.

"भरत, फोन करत जाऊ नगं रं," ती दबक्या आवाजात म्हणाली. "वाजला का ह्ये घमेलं घिऊन उठत्यात. दावणीपत्तूर जात्यात, आन् मंग ध्यानात येतं त्यांच्या."

भरतला आपण दिलेला शब्द आठवला. बाबा आणि हरण्या एका जागी होते ते आता फक्त त्या एका फोनात.

"उद्या येशील का?" बयाबाईने विचारलं. "ह्यातलं त्येवढं काढून टाक. आन् साधी घंटी लावून दे, लोकांच्या फोनला आसती तशी."