निळ्या चित्राची तीन वाक्यं

"बाई, झेरॉक्स बिघडलीय," टेलरमास्तर म्हणाले. "नुसतं काळं आलंय."

"चित्रच तसं आहे हो," बाई कपाळ चोळत म्हणाल्या. "म्हणजे काळं नाही, निळं. नुसतं निळं. मॉडर्न आर्ट."

वर्गात हशा पिकला. वाचनालयाच्या माडीवर भरणारा हा इंग्रजीचा वर्ग मोठ्या माणसांचा होता. इथे बाई शिकवतात आणि मास्तर शिकतात, हा विनोद चार महिने रोज नव्याने केला जाई. येत्या गुरुवारी सगळ्यांना चित्रांच्या गॅलरीत जायचं होतं. गॅलरी चालवणाऱ्या मॅडमसमोर प्रत्येकाने एका चित्राबद्दल इंग्रजीत तीन वाक्यं बोलायची होती. मास्तरांनी लाल गोलांचं चित्र पटकावलं. निळ्याच्या वाटेला कुणी जाईना.

"मला द्या ते," मागच्या बाकावरून मावशी म्हणाल्या.

मावशींना ते नवं नव्हतं. नऊ वर्षं त्या त्याच गॅलरीत फरशी पुसत होत्या. आता त्यांच्या गुडघ्यांनी हात टेकले होते. वाकलं की उठताना भिंत धरावी लागे, आणि तिथल्या भिंतींना हात लावायची सोय नाही. पहिल्या दालनातला राखणदार महिनाअखेर निवृत्त होणार होता. त्याचं काम खुर्चीत बसून करायचं. लोकांना चित्रापासून दोन हात लांब ठेवायचं आणि कुणी विचारलंच तर इंग्रजीत चार शब्द सांगायचे. "वर्गाबरोबर याल तेव्हा बोलून दाखवा, मग बघू," असं मॅडम म्हणाल्या होत्या. त्या 'बघू'पायी मावशी दुखरे पाय ओढत माडी चढत होत्या.

"तुम्हाला काय दिसतं त्यात?" बाईंनी विचारलं.

"सकाळी दिवे लावायच्या आधी मी आत शिरते ना, तेव्हा ते दार वाटतं. उघडं. पलीकडे कुणीतरी आपल्या आधीच उठलंय, असं वाटतं. मग दिवे लागले की मिटतं ते."

कुणी हसलं नाही. दिवसभर तीन शाळा करून आलेल्या बाईंनी खडू उचलला. मग त्यांनी ते तीन इंग्रजी वाक्यांत बसवून फळ्यावर लिहिलं. मावशींची जीभ काही वळेना. एक अडला की सगळ्यांनी मिळून म्हणायचं, ही त्या वर्गाची रीत होती, त्यामुळे आठवडाभर अख्खा वर्ग मावशींची वाक्यं घोकत राहिला.

गुरुवारी मावशींनी रजा टाकली आणि त्या जन्मात पहिल्यांदा गॅलरीच्या पुढच्या दाराने आत गेल्या.

घोटाळा मास्तरांपाशी झाला. लाल गोलांचं चित्र सकाळीच दुरुस्तीला गेलं होतं. भिंतीवर नुसता खिळा होता.

"हरकत नाही," मॅडम म्हणाल्या. "हे निळं घ्या. काय दिसतं?"

मास्तर खिळ्याकडे बघू लागले. पाठ केलेलं सगळं त्या खिळ्याला टांगलेलं राहिलं होतं. तोंड उघडलं आणि जिभेवर जे होतं ते बाहेर आलं. "आय सी अ डोअर," मास्तर म्हणाले, आणि पुढची दोन्ही वाक्यं एका दमात. मागे मावशींचेही ओठ सवयीने हलत होते.

मॅडम बघतच राहिल्या. "इतकी वर्षं मी इथे आहे, मला हे कधी सुचलं नाही! काय करता आपण?"

"दुकान होतं शिलाईचं. जवळचं दिसेना, बंद केलं. आता काम शोधतोय."

"मॅडम, खरं म्हणजे..." बाई पुढे झाल्या. मावशींनी त्यांची बाही ओढली.

"राहू द्या बाई. सुईत दोरा जात नाही त्यांच्या."

म्हणाल्या खऱ्या, पण मावशींना मास्तरांचा राग आला होता.

"आता तुम्ही," मॅडम वळल्या. "हेच चित्र ना?"

तीच वाक्यं पुन्हा म्हटली असती तर पोपटपंची झाली असती. "आय क्लीन हिअर," मावशी म्हणाल्या.

"ते माहीत आहे हो! चित्रात काय दिसतं?"

मावशींनी मान वर करून नीट पाहिलं. दालनातले सगळे दिवे लागलेले होते.

"नथिंग," त्या म्हणाल्या, आणि ते खरं होतं.

एक तारखेला मावशी बादली घेऊन पहिल्या दालनात आल्या, तेव्हा राखणदाराच्या नव्या कोटातले मास्तर खुर्चीत होते. ते गडबडून उठले.

"मावशी, माझ्या तोंडून ते कसं गेलं, मलाच कळलं नाही. देवाशप्पथ. बसा ना जरा, अजून कुणी आलेलं नाही."

"नको, सवय लागेल," मावशी म्हणाल्या. "तुम्हीच बसा. आणि पाय तेवढे वर घ्या, खालचं पुसायचंय."

मास्तरांनी बसून पाय वर घेतले. मावशी खुर्चीचा हात धरून सावकाश खाली वाकल्या.