तांबडी तार

बोटभर लांबीचा तुकडा. सोललेल्या टोकाला तांबं चकाकत होतं, आणि त्यावरचं प्लॅस्टिक – तळहात कलता केला की किंचित तपकिरी, सरळ धरला की काळं. बिरूनं तो नकोशीपुढं धरला. उद्या सकाळी इंदापुरात परीक्षा. पास झाला तर लोणी देवकरच्या कारखान्यात शिकाऊ वायरमन, नाहीतर पुन्हा लोकांच्या उसाला पाणी. म्हणून थोरली बहीण हातातलं काम टाकून, पोत्यावर तारांचे तुकडे मांडून बसली होती.

"तांबडी मागितली व्हती," ती म्हणाली.

"तांबडीच हाय की."

तुकडा घेऊन तिनं बाकीच्या दोहोंशेजारी ठेवला, आणि त्याला वाटलं, तिलाही तीच सकाळ आठवत असणार – कळप विकण्याआधीची. एका रानात दोन कळप बसले होते, सकाळी वेगळे करायचे होते. आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, मेंढरांच्या पाठीवर तांबडा पट्टा ओढलेला, दुसऱ्यांच्या पाठी कोऱ्या. काळ्या लोकरीवरचा तो पट्टा आठ वर्षांच्या बिरूला दिसलाच नाही. त्यानं परक्यांची अकरा मेंढरं हाकून आणली. "डोळं कुठं ठिवून आलास रं?" आबा म्हणाले, आणि सगळे हसले. तेव्हापासून तो मेंढरं तोंडावरून ओळखायला शिकला – कानाचा मोड, नाकाचा बाक, डोळ्याखालची खोक – इतका की पुढं आबाच त्याला विचारायचे. पण मेंढराला तोंड असतं... तारेला काय असतं?

इंदापूरच्या वायरमन मोहनरावांच्या हाताखाली सहा महिने तसेच निभावले. भिंती फोडणं, तारा ओढणं बिरूचं, जोडणी मोहनरावांची. कुठल्या तारेत वीज आहे ते टेस्टर सांगायचा. काल मात्र ते म्हणाले, परीक्षेतल्या तारांत वीज नसते, टेस्टर खिशातच ठेव, आणि वर हसत, "घाबरू नगं. तांबडी डाव्या अंगाला, मधी काळी, मग हिरवी. माझ्या वक्तापासनं मांडणी बदलल्याली न्हाय."

म्हणजे पाठच करायचं. डावी, मधली, उजवी. एवढंच ना? मी तर जन्मभर हेच करत आलोय... छातीतलं ओझं उतरलं, आणि उतरतंय तोच – साखरबाई.

परवा शेजारच्या साखरबाईच्या घरातला दिवा मोहनरावांनी पहिल्यांदाच एकट्या बिरूवर सोपवला होता. गावात वीज नव्हती. त्यानं बटणाला तांबडी तार जोडली – म्हणजे त्याला जी तांबडी वाटली ती. मग वीज आली. दिवा लागला, बटण दाबताच विझला, म्हातारीनं त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. टेस्टर लावायचं त्याला सुचलंही नाही. पण वीज येते तांबडीतून, म्हणून बटणानं तांबडीच तोडायला हवी. काळी तोडली तरी दिवा विझतोच, फक्त होल्डरमध्ये वीज तशीच उभी राहते. लागण्यावरून, विझण्यावरून काहीच सिद्ध होत नाही. आणि चुलीच्या धुरानं बल्ब काळवंडतो म्हणून साखरबाई दोन-चार दिवसांनी स्टुलावर चढून तो ओल्या फडक्यानं पुसते – बटण बंद करून, जपून.

आजही वीज दिवेलागणीलाच यायची होती. तोवर टेस्टर मुका. नकोशीनं नुसतं बटण उघडून पाहिलं असतं तरी कळलं असतं. पण तिला पाहायला सांगायचं म्हणजे आपण का पाहू शकत नाही तेही सांगायचं, आणि मग उद्याची परीक्षा...

तिनं तुकडे पुन्हा मांडले होते. क्रम बदलला होता का, ते त्याला सांगता येईना. "ह्यातली तांबडी दे," ती म्हणाली – आजाऱ्याशी बोलावं तशा मऊ आवाजात. त्यानं डावीकडचा उचलला. ती बराच वेळ त्याच्या हाताकडं पाहत राहिली.

"व्हय," ती म्हणाली, आणि उठून भाकरीच्या पिठाकडं वळली.

ते खरं होतं, की उद्यापुरतं त्याला दिलेलं होतं – त्यानं तिच्या पाठीकडं पाहिलं. पाठीवरून काही कळेना. विचारायचं धाडस होईना.

पलीकडं कुणाचा तरी रेडिओ खरखरत सुरू झाला. वीज आली होती. साखरबाईच्या उघड्या दारातून पिवळा उजेड अंगणात सांडला. आता जाऊन टेस्टर लावता आला असता. दहा पावलांवर तर घर. पण टेस्टर काय दाखवेल या भीतीनं तो उठला नाही. दिवा स्थिर, स्वच्छ जळत होता. जळतोय तोवर म्हातारी त्याला हात लावणार नव्हती. उंबऱ्यात बसून बिरू त्या उजेडाकडं एकटक पाहत राहिला – इंदापूर, कारखाना, उद्याची सकाळ, सगळं कुठंतरी दूर गेलं होतं – आणि दिवा विझू नये, एवढीच एक गोष्ट तो मनात घट्ट धरून बसला होता.