पारूबाईच्या मापाचा सदरा

मित्रांनो, मी एक जुना सदरा आहे. बाह्या लांब, कॉलर ताठ, छातीवर एक खिसा. वरवर पाहणारा मला पुरुषाचाच म्हणेल. पण पुरुषाच्या अंगावर मी आजवर एकदाही चढलेलो नाही. सोनपेठजवळच्या एका खेड्यात, पत्र्याच्या घरात, दारामागच्या खुंटीवर मी असतो. माझा रंग एकेकाळी झगझगीत राणी होता. आता उन्हाने तो पार उतरला आहे, तरी मला तो तसाच आठवतो.

आधी मी नुसता शर्टपीस होतो. कुण्या हौशी पाहुण्याने एका लग्नात रामकिशनला दिलेला आहेर. माझा रंग पाहून मांडवातली माणसं गालातल्या गालात हसली. आहेरातलं कापड पुढच्या आहेरात खपवायची रीत तुम्हाला ठाऊक असेलच. मलाही असंच कुणाच्या तरी गळ्यात मारायचं ठरलं होतं, पण द्यायला कुणी धजेना. मी पेटीच्या तळाशी पडून राहिलो.

दिवाळी झाली की रामकिशन आणि त्याची बायको पारूबाई ऊसतोडीला जात. नवरा-बायको मिळून टोळीत एकच कोयता, म्हणजे मजुरीची एकच जोडी, धरली जाते. उसाचं पान हात सोलून काढतं, म्हणून बाया लुगड्यावरून नवऱ्याचा टाकून दिलेला सदरा चढवतात. काखेत उसवलेला, खांद्यावरून ओघळणारा. सगळ्याच घालतात, त्यामुळे कुणाला त्यात काही वाटत नाही. पारूबाईनेही वर्षानुवर्षं तेच घातलं. एके वर्षी मात्र तिने पेटी उघडली, मला उजेडात धरून बराच वेळ पाहिलं, आणि बाजाराच्या दिवशी थेट सोनपेठला योगीराज टेलरच्या दुकानात नेलं.

"कुणाच्या मापाचा शिवू?" योगीराजने विचारलं.

"माझ्या."

"बाईमाणसाला सदरा? झंपर शिवून देतो की."

"झंपर हायेत मला. सदराच शिवा. बाह्या मनगटापस्तोर पायजेत, अन् खांदा माझ्याच खांद्यावर बसला पायजे. दुसऱ्याचं घालून लय वर्सं झाली."

दुकानात बसलेले दोघे-तिघे तिच्याकडे बघतच राहिले. माप योगीराजच्या बायकोने घेतलं. अशा रीतीने माझा जन्म झाला.

मला घालून पारूबाई पहिल्यांदा फडात उतरली तेव्हा टोळीने तिची भरपूर फिरकी घेतली. "रामकिशन, तुझ्या घरात आता दोन गडी झाले म्हण की!" रामकिशनही हसला. पण सुगी सरत आली तेव्हा तोच तिला म्हणाला, "बरं झालं हा रंग घेतलास. एवढ्या उसात कुठं वाकलीस ते लांबून दिसतंया." तेव्हा मला जो अभिमान वाटला तो मी लपवणार नाही. कामावर निघताना ती माझी सगळी बटणं लावी, अगदी गळ्याचंसुद्धा, आणि कॉलरवरून हात फिरवी. आरसा नव्हता. पण तेवढा एक क्षण ती स्वतःकडे बघे, आणि तो मला फार मोलाचा वाटे.

ज्याला मी आवडत नव्हतो असं एकच माणूस घरात होतं. ती त्यांची मुलगी निकिता. ती सोनपेठच्या कॉलेजात जाऊ लागली. एकदा पारूबाई वावरातूनच तिला न्यायला एसटी स्टँडवर गेली, तर पोरीचा चेहरा उतरला.

"आई, हे शर्ट घालून येत जाऊ नको. पोरी हसायल्यात."

त्यानंतर स्टँड आला की पारूबाई मला काढून पिशवीत कोंबू लागली. कांदे-बटाट्यांच्या खाली दबून पडताना मला फार वाईट वाटे. निकिताचा रागही येई.

मग तो वाईट उन्हाळा आला. ऊसतोडीहून परतल्यावर छातीत कळ येण्याचं निमित्त झालं आणि रामकिशन गेला. शेजारच्या खुंटीवरचा त्याचा सदरा कितीतरी दिवस कुणी हलवला नाही.

आमच्याकडे दहाव्याला मयताची कापडं गोदावरीवर नेऊन टाकतात. रामकिशनची बहीण, चांगुणाबाई, सकाळपासून त्याचं गाठोडं बांधत होती. पँट, टॉवेल, दोन सदरे. मग तिचा हात माझ्यावर पडला. सदरा दिसला, म्हणजे गड्याचाच. तिने मलाही ओढून गाठोड्यात घातलं.

कोपऱ्यात बसलेल्या पारूबाईने ते पाहिलं. तिचा हात उचलला गेला, आणि तसाच खाली आला. नवऱ्याच्या दहाव्याला बाईने सदरा मागायचा, तोही राणी रंगाचा! लोक काय म्हणाले असते? गाठ आवळली गेली आणि मला अंधारून आलं.

नदीकाठी गाठोडं सुटलं. चांगुणाबाई एकेक कापड काढून टाकू लागली. माझी पाळी आली तेव्हा समोर निकिताच उभी होती. मी मनात म्हटलं, झालं, हिची तर पीडाच टळली.

"थांबा, आत्या," निकिता म्हणाली. "हा बाबाचा न्हाई."

"बाबाचा न्हाई तर कुणाचा? सदरा हाय न्हवं हा?"

"आईचा हाय. तिच्या मापाचा शिवलाय."

काठावरची माणसं वळून बघू लागली. चांगुणाबाई वाईट बाई नव्हती. तिने आवाज खाली आणला. "असंल बाई. पण आता तिला असला रंग कशाला? जाऊ दे पाण्यात."

"तिचा रंग हाय, आत्या. बाबासंगं कशाला जाईल?"

चांगुणाबाईने मला सोडलं नाही. तेव्हा निकिताने मला तिच्या हातातून हळूच सोडवून घेतलं आणि सगळ्यांदेखत आपल्या ड्रेसवरून अंगात घातलं. सगळी बटणं लावली, गळ्याचंसुद्धा. पोरीच्या अंगावरचा सदरा दुखवट्याच्या दिवशी कोण ओढून काढणार? घाटावरून, पारावरून, भरल्या गावातून ती मला घालून चालत घरी आली. जी पोर मला पिशवीत लपवायला लावत होती, तिच्या खांद्यावर बसून मी आलो.

दारात तिला पाहून पारूबाई उभी राहिली. इतके दिवस ती सगळ्यांसमोर कोरड्या डोळ्यांनी बसली होती. ती पुढे आली आणि माझी दुमडलेली कॉलर सरळ करू लागली. कॉलर सरळ झाली, तरी तिचे हात तिथेच राहिले. मग ती पोरीच्या खांद्यावर, म्हणजे माझ्याच खांद्यावर डोकं टेकून रडली. मी चिंब भिजलो.

पारूबाई आता ऊसतोडीला जात नाही. कापूस वेचायला जाते, मला घालून. लांबून मला ओळखणारा आता नाही, तरी बटणं ती गळ्यापर्यंत लावते. माझी कोपरं विरली आहेत. निकिता त्यांना ठिगळ लावते, ठळक, लांबूनही दिसेल असं. स्टँडवर पिशवीत जायची वेळ पुन्हा माझ्यावर आलेली नाही.

मित्रांनो, मी फार दिवस टिकणार नाही. कापडच ते, एक दिवस विरणारच. तेव्हा मला जपा असं मी म्हणत नाही. तुमच्याही घरात कुणाचं एखादं रंगीत लुगडं असेल, झंपर असेल, माझ्यासारखा सदरा असेल. हसायला, लपवायला किंवा टाकून द्यायला हात पुढे करण्याआधी एवढंच विचारा, हे तुझं आहे का, तुला हवं आहे का? दहाव्याच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं, आणि पारूबाईला ते कुणीच विचारलं नव्हतं.